गाडी मागून का बसली?

बालमित्रांनो, रात्री सायकल अंगणात चांगली उभी करून ठेवावी आणि सकाळी पाहावं, तर मागचं चाक पार जमिनीला चिकटलेलं! असं तुमच्यापैकी किती जणांच्या बाबतीत झालं आहे? मग तेव्हा तुम्ही काय करता? आधी पंपानं हवा भरून पाहता. हवा टिकली, तर कुणा खोडकर पोरानं मुद्दाम सोडली होती असं समजता. नाही टिकली, तर वॉल्व्हवर थुंकी लावून पाहता. तिथं बुडबुडा आला नाही, की मग स्वारी निघाली पंक्चरवाल्या काकांकडे. काका ट्यूब बाहेर काढतात, हवा भरतात, पाण्याच्या घमेल्यात बुडवतात आणि बुडबुडे निघतील तिथं खूण करतात.

पाहा, किती शहाणपणाचं काम आहे हे! सायकल पंक्चर झाली म्हणून कुणी लगेच नवं चाक विकत आणत नाही. आधी शोध, मग दुरुस्ती. आज आपण हीच युक्ती एका मोठ्या, महागड्या गाडीला लावून पाहणार आहोत. ज्या उंच, दणकट गाडीला 'एसयूव्ही' म्हणतात, तिला मागच्या बाजूला स्प्रिंगच्या जागी कधी कधी चक्क हवेच्या पिशव्या असतात. ती गाडी जुनी झाली, की एक दिवस सकाळी मागून बसलेली दिसते. का बरं बसते? आणि नेमकं काय बिघडलंय हे शोधायचं कसं?

पाट्यांपासून हवेपर्यंत

आमचं दुसरबीड हे बुलढाणा जिल्ह्यातल्या सिंदखेड राजा तालुक्यातलं, जालना-मेहकर रस्त्यावरचं गाव. रस्त्यावरच्या गावातल्या मुलांना एक फायदा असतो. सगळ्या तऱ्हेची वाहनं त्यांना घरबसल्या पाहायला मिळतात.

बैलगाडीत तुम्ही बसला असालच. चाकाखाली दगड आला, की दणका थेट पाठीला! कारण चाक आणि साटा यांच्या मध्ये दणका सोसणारं काहीच नसतं. आता मालाच्या ट्रकखाली वाकून पाहा (उभ्या ट्रकखाली, आणि तेही लांबूनच हं!). तिथं लोखंडाच्या वाकवलेल्या पट्ट्या एकावर एक रचलेल्या दिसतील. त्यांना मिस्तरी लोक 'पाटे' म्हणतात. खड्डा आला की पाटे वाकतात आणि पुन्हा सरळ होतात. मोटारींना बहुधा वेटोळ्याची स्प्रिंग असते. आणि तिसरा प्रकार म्हणजे हवेची स्प्रिंग.

तुम्ही म्हणाल, हवेची स्प्रिंग आम्ही कुठं पाहिली? पाहिली आहे की! काही मोठ्या रिकाम्या ट्रकांची चाकांची एक जोडी रस्त्याला न टेकता वर उचललेली असते. ती चाकं उचलायला आणि माल भरल्यावर खाली टेकवायला हवेनं फुगणारे जाड रबरी फुगे बसवलेले असतात. मिस्तरी त्यांना 'बलून' म्हणतात. मुंबई-पुण्याच्या 'शिवनेरी' बसमध्ये जो कमी दणका बसतो, तोही हवेच्या स्प्रिंगांमुळे. आणि ३० डिसेंबर २०२३ रोजी आमच्या शेजारच्या जालन्याहून मुंबईला जी 'वंदे भारत' रेल्वे सुरू झाली (२०२५ पासून ती नांदेडहून सुटते), तिच्या डब्यांखालीही हवेच्याच स्प्रिंगा आहेत.

तशी ही कल्पना जुनीच. १८८८ साली आयर्लंडमधल्या बेलफास्ट शहरात जॉन बॉइड डनलॉप नावाच्या गुरांच्या डॉक्टरानं हवा भरलेल्या टायरचं पेटंट घेतलं. आपल्या मुलाच्या तीनचाकीला बसणारे दणके कमी व्हावेत म्हणून त्यानं हा खटाटोप केला होता. पुढं लोकांना वाटलं, चाकात हवा चालते, तर चाकाच्या वर का नाही? १९५७ मध्ये अमेरिकेत कॅडिलॅक कंपनीनं एका आलिशान मोटारीला चारही चाकांवर हवेच्या स्प्रिंगा बसवल्या. पण त्या इतक्या गळू लागल्या, की पुष्कळ मालकांनी त्या काढून साध्या स्प्रिंगा बसवून घेतल्या! म्हणजे गळतीचा हा आजार जन्मापासूनचाच म्हणायचा.

नंतर रबर सुधारलं, नळ्या सुधारल्या. १९९८ मध्ये आलेल्या दुसऱ्या पिढीच्या लँड रोव्हर डिस्कव्हरीच्या काही प्रकारांत फक्त मागच्या चाकांवर हवेच्या पिशव्या होत्या. फक्त मागेच का? विचार करा पाहू! गाडीच्या पुढच्या बाजूला इंजिन असतं. त्याचं वजन रोज तेवढंच. पण मागं कधी कुणीच नसतं, तर कधी चार पाहुणे आणि ज्वारीचं पोतं! वजन सारखं बदलतं ते मागं. म्हणून कमी-जास्त फुगवता येईल अशी गादीही मागंच हवी.

हवेच्या गादीचं घरदार

ही सगळी व्यवस्था आपल्या शरीरासारखी समजली तर लक्षात राहील.

मागच्या दोन चाकांजवळ दोन जाड रबरी पिशव्या. रबराच्या आत मजबूत धाग्यांचं विणकाम असतं. (अपघातात फुगणारी एअरबॅग ती वेगळी बरं का! ती सुकाणूत असते.) या पिशव्यांत हवा भरणारा छोटा विजेचा पंप म्हणजे कॉम्प्रेसर. हे झालं फुप्फुस. हवेतली ओल शोषून घेणारा एक डबा असतो, त्यात दाणे असतात. नव्या बुटांच्या खोक्यात कागदी पुडीत जे दाणे मिळतात ना, साधारण तसलेच. हे झालं नाक. हवा नेणाऱ्या बारीक नळ्या म्हणजे रक्तवाहिन्या, आणि हवा कुठं सोडायची, कुठं अडवायची हे ठरवणाऱ्या झडपा. चाकाच्या आसाजवळ एक छोटी दांडी असते. गाडी किती खाली आली, किती वर गेली हे ती पाहते. तिला उंचीचा सेन्सर म्हणतात. हा झाला डोळा. आणि या सगळ्यांवर हुकूम चालवणारा संगणकाचा डबा म्हणजे मेंदू.

मागं पाहुणे बसले, की गाडी खाली दबते. डोळा ते पाहतो, मेंदूला कळवतो, मेंदू फुप्फुसाला सांगतो, 'भर हवा!' गाडी पुन्हा सरळ. पाहुणे उतरले, की झडप उघडून जादा हवा सोडली जाते.

आता थोडं गणित. समजा, गाडीच्या मागच्या भागाचं १२०० किलो वजन दोन पिशव्यांवर आहे. म्हणजे एका पिशवीवर ६०० किलो. पिशवीचा वजन पेलणारा भाग १२० चौरस सेंटिमीटर धरू. ६०० भागिले १२० बरोबर ५. म्हणजे दर चौरस सेंटिमीटरवर ५ किलोचा दाब. हवा भरणारा ज्याला 'पौंड' म्हणतो, त्या मापात हा दाब ७१ झाला. मोटारीच्या टायरमध्ये तो साधारण ३० ते ३५ पौंड हवा भरतो. म्हणजे पिशवीत टायरच्या दुपटीहून जास्त दाब! एवढ्या दाबाला सुईच्या टोकाएवढी फटसुद्धा पुरते.

पाहुण्यांची गाडी

एका दिवाळीत आमच्या आळीत पुण्याहून पाहुणे आले. गाडी जुनी, दुसऱ्याकडून घेतलेली, पण ऐटबाज. रात्री सरळ उभी असलेली गाडी सकाळी मागून डाव्या बाजूला कललेली! सुट्टीचे दिवस, त्यामुळं पोरांचा घोळका लगेच जमला.

"मामा, तुमची गाडी लंगडी झाली!" एकानं जाहीर करून टाकलं.

पाहुणे कंटाळून म्हणाले, "अरे, रोजचंच आहे. इंजिन सुरू केलं की पाच मिनिटांत वर येते. मागच्या वर्षी एका गॅरेजमध्ये नवा कॉम्प्रेसर बसवला. आता तोही दमल्यासारखा आवाज करतो. पुन्हा नवा घ्यावा लागणार असं दिसतंय."

कॉम्प्रेसरची किंमत हजारो रुपयांत असते. तो वर्षातच थकला, तर काहीतरी वेगळं घडत असणार. गावात ट्रकची कामं करणारे एक अनुभवी मिस्तरी आहेत. त्यांना बोलावलं. त्यांनी गाडीभोवती एक चक्कर मारली आणि पहिलं वाक्य काय बोलले असतील? पाना मागितला? छे! ते म्हणाले, "सर, शाळेतला टेप आणा. आधी मोजून पाहू."

पहिली पायरी : मोजा

गाडी सपाट जागी लावली. पुढच्या चाकांना दोन्हीकडून दगड लावले. इंजिन सुरू करून गाडी पूर्ण वर येऊ दिली, मग बंद केली. चाकाच्या मध्यापासून वरच्या पत्र्याच्या कमानीपर्यंतचं अंतर मोजलं. संध्याकाळी डावीकडे ५० सेंटिमीटर, उजवीकडेही ५०. मुलांनी ते वहीत लिहून घेतलं. दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा टेप लावला. डावीकडे ४२, उजवीकडे ४९.

आता या आकड्यांना प्रश्न विचारायचे. डावी बाजू ८ सेंटिमीटर उतरली, म्हणजे गळती डावीकडच्या पिशवीत, तिच्या नळीत किंवा तिच्या झडपेत असणार. पण उजवीकडचा १ सेंटिमीटर कुठं गेला? तिकडंही भोक आहे का?

याचं उत्तर थंडीत आहे. संध्याकाळी हवा ३० अंश होती, पहाटे १५ अंश. हवा थंड झाली की आकसते. तिचा हिशोब करताना अंशांत २७३ मिळवायचे असतात. ३० चे झाले ३०३ आणि १५ चे २८८. म्हणजे शंभरात सुमारे पाचाची घट. पिशवीतला हवेचा खांब २० सेंटिमीटर उंच धरला, तर त्याच्या शंभरात पाच म्हणजे १ सेंटिमीटर! हिशोब तंतोतंत जुळला की नाही? उजवी बाजू आजारी नव्हती, तिला नुसती थंडी वाजत होती.

दोन्ही बाजू सारख्याच खूप खाली आल्या असत्या, तर संशय दोघींच्या सामाईक वस्तूंवर गेला असता. म्हणजे झडपांचा ठोकळा किंवा कॉम्प्रेसरकडून येणारी मुख्य नळी.

दुसरी पायरी : ऐका

मिस्तरींनी सगळ्यांना गप्प बसवलं आणि पाहुण्यांना चावी फिरवायला सांगितली. गाडीखालून 'घुर्रर्र' आवाज आला. आवाज आला, गाडी वर आली, म्हणजे कॉम्प्रेसर जिवंत आहे, त्याला वीजही मिळते आहे.

ही पायरी फार महत्त्वाची. आवाजच आला नाही, तर आधी फ्यूज पाहायचा. पाच-दहा रुपयांचा फ्यूज उडालेला असतो आणि लोक पंप बदलायला निघतात! फ्यूज चांगला असेल तर रिले, मग तारा, मग मोटार. कधी कधी कॉम्प्रेसर तापून स्वतःच थांबतो आणि थंड झाला की पुन्हा चालू होतो. आवाज येतो पण गाडी वरच येत नाही, असं झालं तर नळी निसटलेली असेल, मोठी गळती असेल किंवा कॉम्प्रेसरची ताकद संपली असेल.

तिसरी पायरी : साबणाचं पाणी

आता आले आपले पंक्चरवाले काका आठवले ना? एवढी मोठी गाडी घमेल्यात कशी बुडवणार? म्हणून पाणीच गाडीवर न्यायचं. बाटलीत पाणी आणि कपड्याच्या साबणाचा चुरा, चांगलं हलवून फेस केला. सुरक्षेसाठी गाडीच्या सांगाड्याखाली लोखंडी स्टँड लावले. मिस्तरींनी चाकाच्या बाजूनं टॉर्चच्या उजेडात नळीच्या जोडावर पाणी शिंपडलं. बुडबुडा नाही. झडपेवर शिंपडलं. नाही. पिशवीवर शिंपडलं. तिथंही नाही! मुलांची तोंडं उतरली.

"थांबा," मिस्तरी म्हणाले, "गाडी आता पुरती वर हाय. पिशवीची घडी उलगडलेली हाय. चीर असली तरी ती मिटून बसली असंल. थोडी खाली येऊ द्या."

दहा मिनिटं सगळे टक लावून पाहत होते. गाडी हळूहळू दोन-तीन सेंटिमीटर उतरली. पिशवीच्या खालच्या घडीवर पुन्हा साबणाचं पाणी मारलं. आणि चौथीतली एक मुलगी मागून ओरडली, "सर, बुडबुडे निघू राहिले!"

खरंच निघत होते. मोहरीएवढे, एकामागून एक. रबर रोज ज्या जागी दुमडतं, त्याच जागी बारीक चीर पडली होती. आपल्या चपलेचं रबर कुठं चिरतं? जिथं पाय वाकतो तिथं! तसंच हे. आमच्याकडची काळी माती वाळली, की तिचे बारीक कण अशा घडीत जाऊन बसतात आणि रबर घासत राहतात.

खरा चोर कोण?

म्हणजे कॉम्प्रेसर चोर नव्हताच! एखाद्या गळक्या रांजणात पाणी भरायला माणूस ठेवला, तर तो दिवसभर खेपा घालून दमणारच. तो दमला म्हणून दुसरा माणूस ठेवला. तोही दमला. आता तिसरा ठेवायचा, की रांजणाचं भोक बुजवायचं? पिशवीतून हवा सतत जात होती, म्हणून कॉम्प्रेसर सतत पळत होता. सतत पळाल्यानं ओल शोषणारे दाणेही भिजून गेले होते. मग तीच ओल झडपांत शिरते, गंज धरते आणि एका चिरेमुळं चार रोग होतात.

पाहुण्यांनी दोन्ही पिशव्या नव्या मागवल्या, कारण दोघींचं वय सारखंच होतं. ओल शोषणारे दाणेही बदलले. कॉम्प्रेसर मात्र तोच राहिला. आता त्याला दम खायला वेळ मिळतो, त्यामुळं त्याचा आवाजही नीट येतो.

लक्षण एकीकडे दिसतं आणि आजार दुसरीकडेच असतो. डॉक्टरकाका पोट दुखतं म्हटलं की लगेच पोट कापत नाहीत. आधी विचारतात, 'काल काय खाल्लंस? कधीपासून दुखतंय?' चांगला मिस्तरीही असाच असतो.

हवा न जाताही गाडी बसते तेव्हा

कधी कधी साबणाच्या पाण्यात एकही बुडबुडा निघत नाही आणि तरी गाडी वाकडी उभी! तेव्हा डोळ्याकडे, म्हणजे उंचीच्या सेन्सरकडे पाहायचं. त्याची छोटी दांडी दगड लागून निसटते किंवा चिखलात अडकते. मग गाडी सरळ असूनही मेंदूला वाटतं, 'अरे, ही तर फार वर आहे!' आणि तो चांगली हवा सोडून देतो. उलटही होतं. हवा, पिशवी, पंप सगळं ठीक, फक्त निरोप चुकीचा. अशा वेळी एका यंत्रानं गाडीच्या संगणकात नोंदलेले दोष वाचता येतात. पण त्या नोंदीतून शोध कुठं घ्यायचा एवढंच कळतं. खात्री करायला टेप, कान आणि साबणाचं पाणीच लागतं.

'मागून थोडी खालीच ना, चालू द्या!' असं म्हणून चालेल का?

नाही चालणार. पुन्हा गणित करू. मागचा भाग ८ सेंटिमीटर खाली गेला आणि पुढच्या-मागच्या चाकांत २५० सेंटिमीटर अंतर असलं, तर गाडीचं तोंड वर होतं. त्या हिशोबानं ५० मीटरवर दिव्याचा झोत जवळजवळ १ मीटर ६० सेंटिमीटर वर चढतो. दिवे मुळात थोडे खाली वळवलेले असतात, ते वजा केलं तरी मीटरभर वर. म्हणजे थेट समोरून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याच्या डोळ्यांत! आमच्यासारख्या दुतर्फा रहदारीच्या रस्त्यावर, रात्री, समोर ऊस किंवा कापूस भरलेली ट्रॉली असताना असा डोळे दिपवणारा झोत फार महागात पडू शकतो. शिवाय खड्ड्यात टायर वरच्या पत्र्याला घासतं. डिसेंबर २०२२ मध्ये समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा सुरू झाला आणि तो दुसरबीडजवळूनच जातो. अशा वेगाच्या रस्त्यावर तर आजारी गाडी काढूच नये. सामान उतरवून, हळूहळू जवळच्या मिस्तरीकडे न्यावी.

हे मात्र पाठच करा

हवेवर उभ्या असलेल्या गाडीखाली कधीही जायचं नाही. हातसुद्धा घालायचा नाही. पिशवी फुटली, नळी निसटली, तर गाडी डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच खाली येते. काही गाड्या इंजिन बंद केल्यावरही, दार उघडलं-लावलं तरी, आपली उंची आपणच बदलतात. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखालीही जायचं नाही. जॅक उचलण्यासाठी असतो, धरून ठेवण्यासाठी नाही. धरून ठेवायला मजबूत लोखंडी स्टँड लागतात, जमीन टणक आणि सपाट लागते. दाबाची नळी हवा सोडल्याशिवाय सोडवायची नाही. आणि मुलांनो, तुमचं काम लांबून मोजमाप लिहिण्याचं, ऐकण्याचं आणि पाहण्याचं. पाना मोठ्यांच्या हातात.

पालकांसाठी दोन शब्द

जुनी एसयूव्ही विकत घेणार असाल, तर दुपारी नुसती चक्कर मारून भुलू नका. मालकाला विनंती करून गाडी एक रात्र सपाट जागी उभी राहू द्या. संध्याकाळी आणि सकाळी, इंजिन सुरू करण्याआधी, दोन्ही बाजूंची उंची मोजा. कॉम्प्रेसर किती वेळ चालतो ते ऐका. तो दर थोड्या वेळानं घुरघुरत असेल, तर कुठंतरी हवा जाते आहे असं समजा. हवेच्या पिशव्या काढून साध्या स्प्रिंगा बसवण्याचाही एक मार्ग असतो. त्यात गळतीची कटकट संपते, पण वजनाप्रमाणे आपोआप सरळ होण्याचा गुण जातो आणि संगणकाचा इशाऱ्याचा दिवाही जाणकाराकडून नीट करून घ्यावा लागतो. गाडी धुताना मागच्या चाकांवरच्या घडीतला चिखल साध्या पाण्यानं काढत राहिलात, तर पिशव्या जास्त दिवस टिकतील.

करून पाहा

साहित्य : एक जाड, न फाटलेली प्लास्टिकची पिशवी (साधारण २० सेंटिमीटर रुंद आणि ३० सेंटिमीटर लांब), एक स्ट्रॉ, चिकटपट्टी, ३ किलो वजनाची पुस्तकं, साबणाचं पाणी आणि एक टाचणी.

पिशवीच्या तोंडात स्ट्रॉ घालून चिकटपट्टीनं घट्ट बंद करा. पिशवी टेबलावर आडवी ठेवून तिच्यावर पुस्तकं रचा. आता स्ट्रॉमधून फुंका. पुस्तकं वर उचलली गेली ना? नुसत्या फुंकरीनं ३ किलो! पिशवीचं क्षेत्रफळ ६०० चौरस सेंटिमीटर, म्हणून दर चौरस सेंटिमीटरवर फक्त ५ ग्रॅम दाब पुरला. गाडीच्या पिशवीत तो ५ किलो होता, म्हणजे हजारपट!

आता स्ट्रॉ दुमडून बंद करा, पिशवीला टाचणीनं एक भोक पाडा आणि धाकट्या भावाला किंवा बहिणीला ते शोधायला सांगा. आधी नुसत्या डोळ्यांनी, मग कान लावून, मग साबणाच्या पाण्यानं. कोणत्या रीतीनं सर्वांत लवकर सापडलं ते वहीत लिहा. (खेळ झाल्यावर पिशवी लहान बाळाच्या हाती लागणार नाही अशी ठेवा. पिशवी डोक्यात घालायची नाही!)

आणि जाता जाता एक कोडं. एका गाडीची मागची उजवी बाजू रात्रभर अजिबात उतरत नाही. पण पाच पाहुणे बसले की ती दबते आणि वरच येत नाही. कॉम्प्रेसरचा आवाजही येत नाही. फ्यूज मात्र चांगला आहे. सांगा पाहू, आता कुठं शोधायचं? घरातल्या मोठ्यांशी वाद घाला, आपल्या गावातल्या मिस्तरींना विचारा, आणि उत्तराबरोबर तुम्ही ते कसं शोधलं हेही लिहून ठेवा.